न कापलेल्या पानांतली नलू

जुनी पुस्तकं जमवणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी आपोआप वाढतात. कसर आणि किस्से! कसरीवर औषध निघालंय, किश्श्यांवर अजून नाही. दर रविवारी बसलो की जुना किस्सा थोडा जाड होतो आणि नवा बाळसं धरतो. मी सांगताना चवीपुरतं मीठ-तिखट घालतो, हे आधीच कबूल. पण ज्यांच्याबद्दल सांगतोय ती माणसं मुळातच इतकी चटकदार आहेत की मला फार कष्ट पडत नाहीत.

मी औरंगपुऱ्यात चष्मे विकतो. दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं तिघांचं मंडळ भरतं. एक गायकवाड सर, मूळचे पाचोडचे, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. दुसरे डॉक्टर मुळे, छावणीच्या रस्त्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. तिसरा मी. तिघांना एकच वेड, ते म्हणजे अमेरिकेतल्या वास्तववादी कादंबऱ्यांच्या जुन्या, जमल्यास पहिल्या आवृत्त्या. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या. त्यांत राजपुत्र नाहीत, भुतं नाहीत. गिरण्या, भाड्याच्या खोल्या, धुणीभांडी, लग्नं आणि लग्नांवरून भांडणं. "आपल्या गल्लीसारखंच की!" ही माझी समीक्षा. सर म्हणतात, एवढ्याशा वाक्यासाठी त्यांना कॉलेजात आख्खं वर्ष लागायचं.

ही पुस्तकं या गावात आली कुठून? छावणीतल्या बंगल्यांमधून. कुणा साहेबानं, कुणा पाद्र्यानं बोटीतून आणलेली. बंगला रिकामा झाला की पुस्तकं रद्दीत, रद्दी जुबेरभाईच्या दुकानात, आणि जुबेरभाईच्या दुकानाबाहेर आम्ही तिघं, सहज फिरायला आल्यासारखा चेहरा करून!

*

हा चेहराच आमचं भांडवल. आपल्याला पुस्तक हवंय हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. म्हणून जुबेरभाईसमोर आम्ही कुठल्याच लेखकाचं नाव घेत नाही. प्रत्येकाला टोपणनाव दिलंय. एक मिशीवाले. एक मावशी, त्या फार छान टोमणे मारतात. एक गिरणीवाले आप्पा, यांच्या प्रत्येक कादंबरीत गिरणीचा भोंगा वाजतो. खरी नावं इथंही लिहीत नाही, कारण जुबेरभाई मराठी वाचतात.

तर दुकानात उभं राहून आम्ही असं बोलायचो :

"सर, मावशींची तब्येत कशी आहे?"

"पाठ थोडी सुटलीय, बाकी उत्तम."

म्हणजे बाइंडिंग सैल, पानं शाबूत. जुबेरभाई पान चघळत ऐकायचे. बिचाऱ्याला वाटत असेल, केवढी नातेवाइकांची काळजी या लोकांना!

एका रविवारी त्यांनी डॉक्टरांना लांबूनच हाक मारली.

"आओ डॉक्टरसाब! आपकी मावशी आयी है। पहली छपाई। पीठ एकदम मजबूत।"

डॉक्टर गार पडले. तरी चेहरा सांभाळून म्हणाले, "कितने की?"

"दूसरों को जो भाव, उसका डबल।"

"डबल कायको?"

"अब सगी मावशी है आपकी! मोलभाव करते अच्छे लगोगे क्या?"

*

या नियमाचा खरा तडाखा आम्हाला पाचोडला बसला.

सरांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. त्या पाचोडला एकट्या राहतात. तिथल्या दवाखान्याच्या चादरी धुऊन त्यांनी धाकट्या भावाला शिकवलं. सर इथं फ्लॅट घेऊन बसलेत, त्यात अक्कांची खोली तयार आहे, पण अक्का यायचं नाव काढत नाहीत. सर दर वेळी विचारतात आणि अक्का दर वेळी म्हणतात, "बघू." मग सरच पाचोडला जातात.

असेच गेले होते, आठवडी बाजाराच्या दिवशी. तिथून मला फोन आला. आवाज दबलेला.

"डॉक्टरांना घेऊन ताबडतोब या. आणि पोट रिकामं ठेवा."

पोचलो तर सर भज्यांच्या गाड्यापाशी घामाघूम उभे. भजीवाले बाबूराव एका जाडजूड पुस्तकाची पानं मागच्या बाजूनं टराटरा फाडत होते आणि त्यांत भजी बांधत होते. पान हातात आलं तसं डॉक्टरांनी तेल निथळवून वाचलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. गिरणीवाले आप्पा!

आता पुस्तक मागावं, तर आपल्याला हवंय हे कळणार. कळलं की भाव वाढणार. म्हणून तिघांनी नियमाप्रमाणं सहज फिरायला आल्यासारखा चेहरा केला आणि भजी मागवली. परत मागवली. कांदाभजी झाली, मिरची झाली, बटाटा झाला. प्रत्येक पान सर रुमालात टिपून पिशवीत ठेवत होते. एका प्रकरणात नायिका आजारी पडली तेव्हा डॉक्टरांचीही तब्येत बिघडली. मी ढेकर देऊन म्हणालो, "सर, पुढचं प्रकरण मला जाणार नाही."

शेवटी बाबूरावांनाच दया आली.

"सर, एक इचारू का? तुमाला भजी पायजे का कागद?"

सर अडखळत म्हणाले, "तसं... कागदही बरे आहेत."

"मंग घिऊन जा की आख्खं बुक! फुकट पडलंय. मला वाटलं, तुमाला भजीच लई आवडतात!"

बुक मिळालं. फक्त शेवटचं प्रकरण नव्हतं. ते सकाळच्या गिऱ्हाइकांनी खाल्लं होतं! सरांनी भर बाजारात खाली पडलेले कागद उचलून पाहिले. बांगड्यावाल्या बायका कुजबुजायला लागल्या, "सर रिटायर झाल्यापासून असं करतेत व्हय?" त्या धुळीत त्यांना एकच पान सापडलं. त्या पानाची शेवटची ओळ अशी होती :

'तिनं टोपली खाली ठेवली आणि ती म्हणाली...'

पुढचं पान पाचोडच्या पोटात.

*

ही 'ती' म्हणजे कादंबरीची नायिका, नेली. गिरणीच्या गावात लोकांचे कपडे धुऊन भावाला शिकवते. भाऊ कारकून होतो, त्याला बहिणीच्या टोपलीची लाज वाटायला लागते, ती घर सोडून जाते. पुढं भावाला पस्तावा होतो. तो नवं घर घेतो, तिला शोधून काढतो. शेवटी ती त्याच्या दारात उभी, कमरेवर टोपली. तो म्हणतो, "आता इथंच राहा." ती टोपली खाली ठेवते आणि म्हणते...

काय म्हणते? नेटवर शोधलं. आप्पा एवढे अप्रसिद्ध की त्यांचं पुस्तक नेटवर टाकायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

सरांनी ही गोष्ट अक्कांना रोज संध्याकाळी फोनवर सांगितली होती, प्रकरण-प्रकरण करून. अक्कांनी नेलीची नलू केली होती. आणि गोष्ट दारात येऊन अडकल्यापासून सरांचा फोन गेला की अक्का आधी 'जय भीम' म्हणायच्या आणि लगेच, "मंग? काय म्हणली नलू?"

"अजून कळलं नाही, अक्का."

"यवढा शिकलास आन् येक वाक्य घावंना तुला?"

*

अक्का ऐकलेलं स्वतःपाशी ठेवणाऱ्यातल्या नाहीत. ओट्यावर बसून त्या शेजारणींना सगळं सांगायच्या. "नलूच्या भावानं आज तिला वळख दिली नाय." "नलूला ताप हाय, जवळ कुणी नाय." शेजारणी डोळ्यांना पदर लावायच्या.

एके दिवशी मी आणि सर पाचोडला गेलो, तर ओट्यावर पांढऱ्या टोपीतले एक पाहुणे चहा पीत बसलेले. सरांना पाहून उठले.

"तुमीच का नलूबाईचं नातेवाईक? स्थळ घिऊन आलोय."

सर दचकले. "कुणासाठी?"

"नलूबाईसाठी. पोरगी कष्टाची हाय असं ऐकलं. भाऊ नोकरीला हाय, पण संभाळंना. आमाला हुंडा नको, काय नको."

सरांनी शांतपणे समजावलं. ती अमेरिकेत आहे. पाहुणे म्हणाले, आमच्या भावकीतली पोरं बी तिकडंच हायती. ती पुस्तकातली आहे. पाहुण्यांना वाटलं, शिकलेली आहे. मग सरांचा आवाज चढला, "अहो, ती दीडशे वर्षांची आहे!"

पाहुण्यांनी क्षणभर विचार केला.

"वयाचं काय नाय सर. नवरदेव बी बिजवरच हाय."

*

वास्तववाद सगळ्यांनाच मानवतो असं नाही. डॉक्टर मुळ्यांना तर तो अंगावर उमटला.

पूर्वी ते पेशंटला सांगायचे, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल." मिशीवाल्यांची एक कादंबरी लागोपाठ दोनदा वाचली आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. म्हणाले, माणसानं आहे तसं सांगावं. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात.

"डॉक्टर, दुखेल का?"

"दुखणार. भरपूर दुखणार. आज दुखणार, उद्या सूज येणार, परवा तुम्ही मला शिव्या घालणार."

पेशंट खुर्चीतून उठून, गळ्यात अडकवलेल्या रुमालासकट पळाला. तिथून पुढं दवाखाना असा ओस पडला की समोरचा पानवाला येऊन चौकशी करून गेला, "डॉक्टरसाब, तब्येत तो ठीक है ना आपकी?"

मुळेवहिनी दवाखान्याच्या काउंटरवर बसतात. त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावरून मिशीवाले उचलले आणि कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली.

"दवाखाना चालू असेपर्यंत खोटं बोलायचं. खरं काय ते रविवारी, त्या चष्मेवाल्याकडं!"

तरी ते 'दुखणार' अजून तोंडातून निसटतंच.

*

आणि एका रविवारी जुबेरभाई स्वतः माझ्या दुकानात आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

मंडळाचा दुसरा नियम असा, की पुस्तकावर ज्याचा हात आधी पडेल त्याचं ते पुस्तक. भांडण नको म्हणून केलेला नियम, आणि सगळी भांडणं त्यावरूनच होतात.

जुबेरभाईंनी कागद सोडला. सर समोरच बसलेले, पण त्यांच्या चष्म्याची दांडी मी काउंटरवर बसवत होतो. सर नाक पुस्तकापर्यंत नेऊन "कोण आहे? कोण आहे?" असं विचारेपर्यंत डॉक्टरांचा पंजा पडला होता. गिरणीवाले आप्पा! तीच कादंबरी! आख्खी!

सरांना ओरडायचं सुचेना. नुसते म्हणाले, "शेवटचं पान काढा."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सरांचा मात्र उतरला. पुस्तकाची पानं कापलेलीच नव्हती! त्या काळी छापील कागदाच्या घड्या घालून तशाच शिवायचे, आणि वाचणाऱ्यानं सुरीनं पानं सोडवत वाचायचं. या पुस्तकाच्या मालकानं ते बोटीतून आणलं, कपाटात ठेवलं आणि कधी वाचलंच नाही. काही पानं उघडी, काही पाकिटासारखी बंद. दीडशे वर्षं कुणाचं बोट न लागलेलं पुस्तक म्हणजे आमच्या धंद्यात हिरा!

शेवटची ओळ असलेलं पान बंद पाकिटात होतं.

"डॉक्टर, तेवढी एक घडी कापा," सर म्हणाले.

"काहीतरीच काय सर! कापलं की संपलं. जगात अशा किती प्रती उरल्या असतील?"

"अहो, पण नलू दारात उभी आहे!"

"दीडशे वर्षं उभी आहे ना? आणखी थोडी उभी राहील."

जुबेरभाई दोघांकडं बघून माझ्या कानात म्हणाले, "एक ने पढ़ी है, उसके पास एंड नहीं। एक के पास एंड है, वो पढ़ता नहीं। मेरा क्या, मैंने तो बेच दी!"

*

नव्या पुस्तकात कसर असली तर ती सगळ्या कपाटाला लागते. त्यावर उपाय म्हणजे पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं. थंडीनं किडे मरतात. डॉक्टरांनी आप्पांना मटारच्या पिशवीशेजारी झोपवलं.

नेमक्या त्याच वेळी मुळेवहिनींच्या आई लातूरहून आल्या. बर्फ काढायला गेल्या आणि आत पुस्तक! बाई समंजस. जावयाला काही विचारलं नाही. मुलाला फोन करून हळू आवाजात म्हणाल्या, "जावई हुशार हायेत. पुस्तकं नासू नयेत म्हणून फ्रिजात ठेवतेत. आपल्याला कधी सुचलं नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कोथिंबीर काढायला भाजीचा कप्पा उघडला. आत आईंची पोथी. लाल कपड्यात, वर तुळशीचं पान, थंडगार!

*

सर हार मानणारे नव्हेत. दर रविवारी एकच विषय. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कापणार नाही. पण डोकावू शकतो."

दवाखाना बंद करून, म्हणजे बंद आहे असं समजून, आम्ही तिघं आत जमलो. आप्पांना पेशंटच्या खुर्चीवर ठेवलं, खाली स्वच्छ टॉवेल. वरचा मोठा दिवा लावला. डॉक्टरांनी मास्क चढवला, हातमोजे घातले, तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेतला आणि बंद पानांच्या पाकिटात खालून अलगद सरकवला.

"थोडं उघडा... आणखी थोडं... बास बास! हलू नका."

हे ते मला म्हणत होते, मी पाकीट धरलं होतं. पण दारात कधीतरी एक बाई गाल धरून येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पाहिलं, की डॉक्टर भर दिव्याखाली वाकून पुस्तकाचे दात तपासतायत आणि पुस्तकाला धीर देतायत! बाईंची दाढ जागच्या जागी थांबली असणार, कारण त्या परत कधीच आल्या नाहीत.

आरशात अक्षरं उलटी, कागद पिवळा, आणि डॉक्टरांचा चष्मा मास्कच्या वाफेनं धुरकटलेला. तास गेला. हाती एकच शब्द लागला. 'धूळ.'

"धूळ?" सर म्हणाले.

"संपलं," डॉक्टरांनी मास्क उतरवला. "धूळ म्हणजे माती. मेली ती. दारातच मेली. वास्तववाद आहे सर, तिथं असंच असतं."

सरांनी जड मनानं पाचोडला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नलू मरायची नाय," अक्का म्हणाल्या. "मरणारी बाई टोपली खाली ठिवत नसती, टाकती. त्या डाक्टरला म्हणावं, दातच बघ तू!"

*

आणि आता शेवटचा. परवाचाच, अजून गरम आहे.

अक्कांचे उरलेसुरले दात हलायला लागले. भाकरी चावेना. सरांनी मिनतवाऱ्या करून त्यांना कवळीच्या मापासाठी शहरात आणलं. रिक्षा दवाखान्यासमोर थांबली. मीही हजर होतो. आधी अक्का उतरल्या, मग एक भलीमोठी पिशवी, मग पत्र्याची पेटी.

मी म्हणालो, "अक्का, कवळी एवढी मोठी नसते हो!"

"तू चष्मं इक," अक्का म्हणाल्या.

आत चार पेशंट बसले होते. अक्का खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी मापाचा साचा तयार केला, त्यात गुलाबी लगदा भरला आणि म्हणाले, "अक्का, आ करा."

अक्कांनी ओठ गच्च मिटले.

"अक्का, तोंड उघडा."

"आधी तुमी उघडा."

"माझे दात ठीक आहेत हो."

"दात नाय. पुस्तक उघडा. नलू काय म्हणली ते मला कळू द्या. तवर माझं बी शीलबंद!"

डॉक्टर सरांकडं बघायला लागले. सर छताकडं.

"अक्का, तुम्हाला समजत नाहीय. ते कापलं की त्याची किंमत जाते."

"मंग माझी कवळी बी डबीतच ठिवा. वापरली तर तिची बी जाईल!"

बाकावरचे चौघं हसायला लागले. त्यातल्या एकानं वहिनींना विचारलं, ही नलू कोण? वहिनींनी काउंटरवरून गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या नलूपाशी रडू आवरून आणि भावापाशी दात-ओठ खाऊन सांगतात. टोपली खाली ठेवेपर्यंत आख्खा बाक पुढं सरकला होता. गाल सुजलेला एक रिक्षावाला उठूनच उभा राहिला.

"डॉक्टरसाब, काट डालो ना! मेरी दाढ बाद में देखना, पहले ये देखो!"

लगदा घट्ट व्हायला लागला होता. वहिनी आत गेल्या, आप्पांना घेऊन आल्या आणि डॉक्टरांच्या हातात प्लास्टर कापायची सुरी ठेवली.

डॉक्टरांनी आप्पांना टेबलावर आडवं केलं. सुरी घडीत शिरली. खर्रर्र! दीडशे वर्षांचा आवाज. बारीक पिवळा भुगा टेबलावर पडला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि पुस्तक सरांच्या हातात दिलं.

सरांनी चष्मा पुसला. एकेक शब्द अक्कांसाठी मराठीत करत वाचायला लागले.

"तिनं टोपली खाली ठेवली आणि ती म्हणाली, 'दार लावून घे. धूळ आत येतेय.'"

सरांनी पान उलटलं. कोरं. आणखी एक उलटलं. तेही कोरं. कादंबरी संपली होती!

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"मतलब रही के गयी?" रिक्षावाला.

"गेली!" डॉक्टर जवळजवळ रडतच म्हणाले. "बाहेर उभी राहून सांगतेय. एवढ्यासाठी मी कापलं!"

"अजिबात नाही," वहिनी म्हणाल्या. "टोपली कुठं ठेवली ते बघा ना!"

"कुठं ठेवली? उंबऱ्याच्या आत का बाहेर?" मी विचारलं. सरांनी पुन्हा वाचलं. आप्पांनी ते लिहिलंच नव्हतं.

अक्कांनी मात्र ठरल्याप्रमाणं आ केला होता. डॉक्टरांनी घाईघाईनं नवा लगदा भरला, सवयीनं "दुखणार!" म्हणाले आणि साचा त्यांच्या तोंडात बसवला. सर खुर्चीपाशी गेले, खाली वाकले.

"अक्का, तुला काय वाटतं? राहिली का ती?"

अक्कांच्या तोंडात साचा, त्यावर डॉक्टरांची दोन बोटं. बोलणार काय! त्यांनी फक्त उजवा हात उचलला आणि सरांच्या पाठीमागं बोट केलं.

दवाखान्याचं दार सताड उघडं होतं. बाहेरून एक ट्रक गेला आणि छावणीच्या रस्त्याची धूळ आत आली, बाकावरून, पेशंटवरून, भिंतीशी ठेवलेल्या पिशवीवर आणि पत्र्याच्या पेटीवर.

सर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.